ताप असतानाच थर्मामीटर लावायचा : माझ्या मल्टिमीटरचा अनुभव

मी वॉर्डात सिस्टर आहे, एकोणीस वर्षं झाली. रात्रपाळी संपवून घरी निघताना गाडी सुरू झाली नाही की काय होतं, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहिते आहे. वस्तू साधी आहे : हातात मावेल एवढा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र), स्वतःच रेंज निवडणारा, मिन-मॅक्सचं बटण असलेला. चार महिने वापरला. त्याने माझ्या गाडीचं दुखणं शोधून दिलं. त्याआधी बॅटरी बदलून झाली होती आणि सेल्फची (चावी फिरवल्यावर इंजिनला फिरवून सुरू करणारी) मोटर बदलायचं जवळजवळ ठरलं होतं.

गाडी दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, हाताने गिअर टाकायची. तक्रार अशी, की आठ-दहा वेळा नीट सुरू व्हायची आणि मग एखाद्या वेळी चावी फिरवली की नुसता 'टक' आवाज. सेल्फ फिरायचाच नाही. डॅशबोर्डचे दिवे मात्र लख्ख. पाच-सात वेळा चावी फिरवली की अचानक सुरू व्हायची, जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजमध्ये नेली की दिवसभर शहाण्यासारखी वागायची. संध्याकाळी फोन यायचा, ''ताई, गाडीला काही झालेलं नाही, घेऊन जा.''

एकदा पार्किंगमध्ये अडकले तेव्हा एका सहकाऱ्याने त्याच्या गाडीवरून जंपर लावला, म्हणजे जाड वायरींनी त्याच्या बॅटरीची वीज माझ्या गाडीला दिली. लाल चिमटा माझ्या बॅटरीच्या प्लसला, काळा चिमटा इंजिनच्या धातूला. गाडी एका झटक्यात सुरू झाली. मग सगळ्यांचं एकमत झालं : बॅटरी गेली. मलाही ते पटलं. नवी बॅटरी बसवली आणि अकरा दिवस गाडी एकदाही अडली नाही. बाराव्या दिवशी पुन्हा 'टक'. ते अकरा दिवस कसे मिळाले ते पुढे सांगते, कारण माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत फसवी गोष्ट तीच आहे.

त्यानंतर गॅरेजने सेल्फ बदलायला सांगितलं. मी थांबले. वॉर्डात येऊन-जाऊन ताप असलेला पेशंट आला की आम्ही काय करतो? डॉक्टर राउंडला येतात तेव्हा अंगात ताप नसतो. म्हणून तक्ता ठेवतो : किती वाजता चढला, थंडी वाजली का, घाम कधी आला. औषध बदलण्याआधी तक्ता बघतात. माझ्या गाडीचा तक्ता कोणीच ठेवला नव्हता. मी वही केली. प्रत्येक वेळी चावी फिरवली की चार गोष्टी लिहायच्या : वेळ, इंजिन गार की गरम, आवाज कसा आला, दिवे मंद झाले का. तीन आठवड्यांत ४१ नोंदी झाल्या, त्यांतल्या सहा वेळा गाडी अडली. सहाही वेळा इंजिन गरम होतं आणि गाडी दहा ते चाळीस मिनिटं उभी होती. सकाळी गार असताना एकदाही नाही. सहाही वेळा एकच 'टक', आणि दिवे जसेच्या तसे.

हे आवाज नीट ऐकायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. एकापाठोपाठ 'टकटकटकटक' झालं आणि दिवे मिणमिणले, तर बहुतेक वेळा बॅटरी बसलेली असते किंवा तिची टर्मिनलं सैल असतात. सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच, तो मोटरला करंट जोडतो) ओढला जातो, मोटरला करंट जायला लागताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढला जातो. काहीच आवाज नसेल तर बहुतेक वेळा सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही : इग्निशन स्विच, रिले, क्लचखालचा स्विच, नाहीतर इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा). सेल्फ व्यवस्थित फिरतो पण इंजिन पकडत नाही, हे दुखणंच वेगळं. तिथे पेट्रोल किंवा स्पार्क बघायचा, किंवा गरम झाल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर (इंजिन कसं फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा). आणि माझ्यासारखा एकच 'टक', तोही दिवे उजळ असताना, म्हणजे हुकूम पोचला, सोलेनॉइडने ओढलं, पण मोटरला मोठा करंट मिळाला नाही. तो करंट सोलेनॉइडच्या झिजलेल्या तांब्याच्या संपर्कांवर अडतो, मोटरच्या ब्रशांवर अडतो, किंवा जाड वायरीच्या एखाद्या टोकाला.

मल्टिमीटर घेण्याआधी मी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा) घेतला होता, डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसवून मोबाइलवर बघायचा. त्याच्याबद्दल थोडक्यात. एकही कोड आला नाही. त्याला दोष देत नाही. सेन्सरच्या तक्रारी तो चोख सांगतो, क्रँक सेन्सरच्या सर्किटचा पी०३३५ कोड आला असता तर माझं काम तिथेच संपलं असतं. पण सेल्फच्या जाड वायरीवर माझ्या गाडीच्या कॉम्प्युटरची नजरच नाही, तर तो बिचारा सांगणार काय? तरी एक उपयोग झाला. सोळा नंबरच्या पिनेवर बॅटरीचं व्होल्टेज येतं, आणि गाडी अडलेली असताना चावी धरून ठेवली तर तो १२.२ दाखवत होता. त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही.

आता मीटर. पहिल्याच दिवशी तीन मापं घेतली. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. (१२.२ असेल तर साधारण अर्धी, १२.० च्या खाली आली तर जवळजवळ रिकामी.) सेल्फ फिरत असताना १०.७, ९.६ च्या वर राहिलं की बॅटरी धडधाकट समजायची. इंजिन चालू असताना १३.४. हे जरा कमी, चौदाच्या आसपास हवं होतं. वहीत लिहून ठेवलं, पण त्या दिवशी त्यावर अडले नाही.

मग मी एक चूक केली, आणि ती बरेच जण करत असणार. मीटरवर बझर असतो, दोन टोकांमध्ये वायर सलग असेल तर वाजतो. बॉडीपासून गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी (सेल्फचा करंट इंजिनमधून बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी) खालून हाताला लागत होती. दोन्ही टोकांना मीटरच्या काड्या (त्याच्या वायरींची टोकदार टोकं) लावल्या. बझर खणखणीत वाजला. ओहमवर (रोध, म्हणजे वायर करंटला किती अडवते, ते मोजायच्या मापावर) लावून बघितलं : ०.२. काड्या एकमेकींना टेकवल्या तरी ०.२, म्हणजे पट्टीचा स्वतःचा रोध शून्यच. पट्टीवर वहीत बरोबरची खूण केली आणि तिला संशयितांतून काढून टाकलं. दोन आठवडे फुकट गेले.

चूक कशी झाली ते आता कळतं. बझरच्या मापात मीटर त्या वायरीतून मिलिअँपिअरमध्ये करंट सोडतो. तांब्याचे सगळे तंतू तुटून दोनच उरले असले तरी एवढा करंट आरामात जातो. सेल्फला मात्र फिरताना शंभर-दीडशे अँपिअर लागतात. हिशेब करून बघा : जोडावर फक्त ०.०५ ओहमचा रोध असेल तर १५० अँपिअरला तिथे ७.५ व्होल्ट खाल्ले जातात, आणि सेल्फला उरतात पाचेक. तो ०.०५ ओहम माझ्या मीटरला दिसणारच नाही. त्याच्या काड्यांच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त. पेशंट खाटेवर पडलेला असताना नाडी उत्तम लागते, जिना चढायला लावला की दम लागतो, तसंच हे. वायर तपासायची तर तिच्यावर भार असताना, आणि ओहम नाही, व्होल्ट मोजायचे. वायरीच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात तेवढं बघायचं. चांगल्या वायरीत जवळजवळ काहीच हरवत नाही. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंत सेल्फ फिरताना ०.२ च्या आत, प्लसपासून सेल्फपर्यंत ०.५ च्या आत, असा ढोबळ नियम आहे.

अडचण एवढीच, की गाडी अडते ती मिनिट-दोन मिनिटं. बॉनेट उघडून काड्या लावेपर्यंत ती सुरू झालेली असते. इथे या मीटरने खरं काम केलं. व्होल्ट मोजताना त्याचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो, त्यामुळे त्याला कितीही लांब, कितीही बारीक वायर जोडली तरी मापात फरक पडत नाही. मी दोन लांब वायरी घेतल्या, टोकांना मगरचिमटे. एक चिमटा बॅटरीच्या मायनस खुंटाला. क्लॅम्पला नाही, खुद्द शिशाच्या खुंटाला. दुसरा इंजिनच्या उघड्या धातूच्या बोल्टला. वायरी पंख्यापासून, पट्ट्यापासून आणि सायलेन्सरच्या नळीपासून लांब बांधून, बॉनेटच्या कोपऱ्यातून काढून, दाराच्या रबराखालून आत घेतल्या. मीटर शेजारच्या सीटवर. ही दोन्ही टोकं मायनसकडचीच, म्हणून चावी फिरवलेली नसताना त्या एकमेकींना लागल्या तरी ठिणगी उडत नाही. प्लसच्या बाजूची वायर अशी आत आणायची असेल तर बॅटरीजवळच फ्यूज घातल्याशिवाय आणू नका, हे हात जोडून सांगते.

चार दिवस मी तशीच गाडी चालवली. सेल्फ फिरतो जेमतेम एक सेकंद, तेवढ्यात आकडा वाचता येत नाही. मिन-मॅक्स दाबून ठेवलं की सर्वांत मोठा आकडा तो धरून ठेवतो. पहिल्या सकाळी, गार इंजिनला, ०.३८. दुपारी गरम असताना ०.९१. दुसऱ्या दिवशी १.१. गाडी सुरू होत होती, तक्रार नव्हती, आणि तरी हे आकडे मापाच्या बाहेर होते. मायनसच्या बाजूला काहीतरी चढत होतं.

चौथ्या दिवशी रात्रपाळी संपवून निघाले, वाटेत औषधांच्या दुकानापाशी थांबले, वीसएक मिनिटांनी परत येऊन चावी फिरवली. टक. दिवे लख्ख. मीटरवर नजर गेली : ९.१.

चावी सोडली, शून्य. पुन्हा फिरवली, टक, पुन्हा नऊच्या वर. बॅटरीच्या मायनसमध्ये आणि इंजिनमध्ये नऊ व्होल्टचं अंतर होतं. जिथे काहीच नसायला हवं तिथे बॅटरीतली तीन चतुर्थांश ताकद अडून बसली होती. सेल्फ तरी कशाच्या जोरावर फिरणार? आणि स्कॅनरवरचा तो १२.२ चा अर्थही त्या क्षणी लागला : बॅटरी खचतच नव्हती, कारण तिच्यातून मोठा करंट निघतच नव्हता. स्कॅनरच्या सॉकेटला मायनस बॉडीवरून मिळतो, आणि बॉडीपर्यंत सगळं ठीक होतं. दिवे म्हणूनच उजळ राहायचे.

डिकीत जंपर वायरी होत्या. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक वर, हे आधी बघितलं. काळ्या जंपरचं एक टोक माझ्याच बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनच्या बोल्टला. दुसरी गाडी नाही, लाल वायर नाही. चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. रात्रभर जागून डोळे जळत होते, पण मी तिथेच बोनेटवर हात टेकून दोन मिनिटं उभी राहिले. इतका आनंद झाला होता.

मग सगळं उलगडत गेलं. त्या दिवशी सहकाऱ्याने काळा चिमटा इंजिनला लावला होता. लावायची पद्धत तीच बरोबर आहे, ठिणगी बॅटरीपासून लांब उडावी म्हणून. पण त्यामुळे माझी खराब अर्थिंग बाजूला पडली आणि करंट सरळ इंजिनमध्ये उतरला. आम्ही त्याचा अर्थ काढला, 'बॅटरी गेली.' आणि नव्या बॅटरीनंतरचे ते अकरा दिवस? बॅटरी काढताना-बसवताना आजूबाजूच्या वायरी हलल्या, तुटत आलेले तंतू पुन्हा एकमेकांना टेकले. येऊन-जाऊन असणाऱ्या दुखण्यात हा धोका कायम असतो. जे काही कराल त्याने हालचाल होते, हालचालीने तात्पुरतं बरं वाटतं, आणि श्रेय बदललेल्या पार्टला जातं.

पुढचं शोधणं सोपं होतं. एक चिमटा खुंटावर ठेवून दुसरा पुढे पुढे सरकवत गेले, आणि प्रत्येक वेळी घरातल्या कोणालातरी चावी फिरवायला सांगितली. खुंट ते क्लॅम्प ०.०२. क्लॅम्प ते बॉडी ०.०६. बॉडी ते गिअरबॉक्स, सगळा बाकीचा आकडा. म्हणजे तीच पट्टी, जिच्यावर मी बझर वाजल्यावर बरोबरची खूण केली होती.

वही घेऊन दुसऱ्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आकडे वाचले, गाडी उचलली आणि दहा मिनिटांत पट्टी सोडवून माझ्या हातात दिली. वरून बघाल तर धडधाकट वाटेल. गिअरबॉक्सकडच्या डोळ्याजवळ, जिथे विणलेलं तांबं कडीत दाबून बसवलेलं असतं, तिथे हिरवट-पांढरी पूड साचली होती. त्यांनी ती जागा बोटांनी वाकवली तशी पट्टी विसविशीत दोरीसारखी उलगडली. धरून ठेवणारे तंतू मोजकेच उरले होते. इंजिन त्याच्या रबरांवर सतत हलतं, त्या हलण्याने तंतू एकेक करून तुटत गेले. गरम असतानाच का अडायची, यावर ते म्हणाले, ''गरम झालं की ते टोक जरा सैल पडत असणार, ताई.'' मलाही तसंच वाटतं. नवी पट्टी, दोन्हीकडचा गंज घासून काढलेला. सेल्फ फिरताना आता ०.१२. आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.४ ऐवजी १४.२, आल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) करंटसुद्धा त्याच पट्टीतून परत येत होता. पहिल्या दिवशीचं ते कमी माप मी सोडून दिलं नसतं तर कदाचित लवकर पोचले असते.

आता मीटरच्या उणिवा, कारण त्याही आहेत. पंधरा मिनिटांनी तो स्वतःहून बंद होतो. सीटवर ठेवून वाट बघणाऱ्यासाठी हे फार त्रासाचं आहे. पहिल्या दिवशी एक नोंद यामुळेच हुकली. मिन-मॅक्स चालू असलं की तो बंद होत नाही, पण ही गोष्ट पुस्तिकेत कोपऱ्यात छापली आहे. आकडा सेकंदाला तीनदाच बदलतो, म्हणून सेल्फ फिरण्याच्या अगदी पहिल्या क्षणाची खोल बुडी तो पकडत नाही. अर्थिंग शोधायला एवढं पुरतं. उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही. मागचा स्टँड लेचापेचा आहे. सोबत आलेल्या वायरी हातभर, आणि मगरचिमटे दिलेलेच नाहीत. ते वेगळे घ्यावे लागले. त्याची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे चुकीचे दाखवायला लागतो. कोपऱ्यात बॅटरीची खूण दिसली की आधी ती बदलायची, मग मोजायचं.

चांगलं म्हणाल तर डायल अंधारातही बोटांना कळतो, बॅकलाइट पुरेसा आहे, दोनदा जमिनीवर पडूनही मापात फरक पडला नाही. नवी बॅटरी लावून दुसऱ्या मीटरशी ताडून बघितला, ०.०१ चा फरक निघाला.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत हवी होती. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात असताना काड्या बॅटरीच्या दोन खुंटांना लावल्या तर ते सरळ शॉर्ट होतं. आतला फ्यूज उडेल, नाहीतर हात भाजेल. सेल्फचा करंट या मीटरमधून मोजायचा नसतोच. तो बघायचाच असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवायचा) लागतो, आणि घेताना नीट पाहा, पुष्कळ क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. बॉनेटखाली हात घालण्याआधी बांगड्या, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवायची तर मायनस आधी, जोडायची तर मायनस शेवटी.

घ्यावा का? गाडीचा सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी स्कॅनर घ्या, मीटर नंतर. सेल्फच फिरत नसेल, 'टक' होऊन थांबत असेल, तर मीटरच घ्या, आणि मिन-मॅक्स नसलेला घेऊ नका. आकड्यांची फार बारीक अचूकता लागत नाही, मला लागली नाही. लांब वायरी आणि मगरचिमटे मात्र त्याच दिवशी घ्या.

पट्टी बदलून सात आठवडे झाले. वही चालूच आहे. अकरा दिवसांवर विश्वास ठेवून एकदा फसले आहे. आत्तापर्यंत ९७ नोंदी, त्यांतल्या तेवीस गरम इंजिनच्या, दहा ते चाळीस मिनिटं उभ्या गाडीच्या. एकदाही 'टक' नाही. शंभर झाल्या की वही बंद करीन आणि मीटर डिकीत जंपर वायरींशेजारी ठेवीन, बॅटरी काढून वेगळी, म्हणजे उन्हाने ती आत पाझरणार नाही. जुनी पट्टी मी मिस्त्रींकडून मागून आणली आहे. वाकवून पाहायची असेल त्यांनी जरूर यावं.